तांबडीचा विसावा

शालनबाईंच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा माझ्या हातात जेवणाचा रिकामा डबा होता.

"नळ मागं हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"हात धुवायला न्हाई आलो बाई. बॅटरी पायजे."

"मग डबा कशाला?"

"एवढीच पायजे. सीटखाली एवढीच जागा हाय."

तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन पुडांचा चौकोनी डबा. त्यांनी तो उचलून उलटा केला, तर आतून एक शेंगदाणा काउंटरवर पडला.

"गिऱ्हाईकं टेप घेऊन येतात," त्या म्हणाल्या.

"टेप घरात सापडंना."

"आणि गाडी कुठली, एवढ्याशा बॅटरीची? खेळण्यातली?"

मी त्यांना दाराशी बोलावलं. बाहेर माझी गाडी, तांबडी, उभी होती. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "आता गं बया. हिचं छप्पर कुणी चोरलं?"

छप्पर चोरलेलं नव्हतं, कापून वीतभर खाली आणलेलं होतं. हॉट रॉड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्यानं कधीच बनवणं बंद केलेली गाडी घ्यायची. माझी अँबेसिडर आहे. तिचं छप्पर खाली आणायचं, पुढची मडगार्डं काढून टाकायची, आणि बॉनेटखाली मावणार नाही एवढं इंजिन बसवायचं. ते मावत नाहीच, मग बॉनेटही काढून टाकायचं. तांबडीचं आठ सिलिंडरचं इंजिन मी गोव्याच्या एका भंगारवाल्याकडून आणलं होतं. ते बसवल्यावर गाडीत मोकळी जागा उरली ती फक्त माझ्या बुडाखाली, डब्याएवढी.

रस्त्यावरच्या बाकी गाड्या आता विजेवर चालतात. मांजरासारख्या येतात आणि मांजरासारख्या जातात. पेट्रोलचे पंप गेले, त्यांच्या जागी कुठं रोपवाटिका झाल्या, कुठं मिसळीची हॉटेलं. आमच्या गडहिंग्लजच्या हॉट रॉड मंडळाच्या गाड्या मात्र साखर कारखान्याच्या इथेनॉलवर चालतात. त्यांच्या धुराला काकवीचा वास येतो. तांबडी गल्लीतून गेली की पोरं म्हणतात, गुऱ्हाळ चाललं.

अशा गाड्यांना सरकार एका अटीवर रस्त्यावर राहू देतं. कोजागरीच्या रात्री गाडी आंबोलीच्या पठारावर उघड्यावर उभी करायची आणि सकाळी अधिकाऱ्यासमोर तिच्या स्वतःच्या बॅटरीवर सुरू करून दाखवायची. ढकलायचं नाही, शेजारच्या गाडीची वीज घ्यायची नाही. किल्ली तीन वेळा फिरवता येते, आणि सगळा कारभार पाव तासात उरकायचा. झाली सुरू तर परवाना वर्षभर चालू. नाही झाली तर गाडी भंगारात, नाहीतर संग्रहालयात दोरीच्या आत. जी गाडी आपल्या पायावर उठत नाही ती रस्त्यात बसकण मारून चार लोकांची वाट अडवणार, असं सरकारचं म्हणणं. ते खोटं नाही.

माझी जुनी बॅटरी गणपतीच्या आधीच गेली होती. तांबडी गेली तर माझ्याजवळ उरणार काय, तर हा डबा. उभा जन्म ट्रकवर गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी नांदायला हुबळीला. सकाळी उठून कुणाशी तरी बोलायचं म्हणून मी तांबडीशी बोलायचो.

हे मी शालनबाईंना सांगितलं नाही. तरी त्यांनी दुसरं स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "बसा. बॅटरी निवडायची म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखं असतंय. घाई करून चालत न्हाई."

मग त्यांनी काउंटरवर डब्याशेजारी तीन बॅटऱ्या मांडल्या. तिन्ही बंद पेटीच्या. माणूस जिच्यावर बसणार त्या बॅटरीतून वाफ सुटायला नको, आम्ल सांडायला नको. पूर्वीच्या उघड्या बॅटरीनं माझ्या दोन विजारी खाल्ल्या होत्या, ते मी सांगितल्यावर बाईंनी पदर तोंडाला लावला.

पहिली शिशाचीच, पण आम्ल काचेच्या लोकरीत शोषून घेतलेलं. आडवी टाका, उलटी टाका, खड्ड्यातून आपटा, थेंब गळत नाही. "ही लई इमानी," त्या म्हणाल्या, "पण डब्याएवढ्या पेटीत तुमचं धूड फिरवायचा जोर मावत न्हाई." दुसरी लिथियमची. हलकी, अंगात जोर भरपूर. पण सीटखाली दिवसा इंजिनची झळ आणि पहाटे आंबोलीचा गारठा. "ही दोन्हीकडून रुसणार."

तिसरीवर त्यांनी नुसता हात ठेवला. पेटी नव्हतीच ती, पुठ्ठ्याचा नमुना होता. "ही कोंभ बॅटरी. मागवावी लागंल."

कोंभ बॅटरी तेव्हा नवीनच निघाली होती. मला ती कशी समजली ते सांगतो. कारखान्यातून येते तेव्हा ती बॅटरी नसतेच. बंद पेटीत नुसता एक लगदा असतो, वीज धरायची अंगची ताकद असलेला, पण वाट न फुटलेला. पहिल्यांदा वीज भरायला लागलं की त्या लगद्यात बारीक धागे वाढतात, बियाला मुळ्या फुटाव्यात तसे. पुढं जन्मभर वीज त्या मुळ्यांतूनच ये-जा करते. म्हणून पहिला भरणा कसा केला त्यावर बॅटरीचा स्वभाव ठरतो. धडाक्यानं वीज घातली तर मोजक्याच पण जाड मुळ्या फुटतात. अशी बॅटरी दणका मोठा देते, पण लवकर दमते. सावकाश भरली तर केसासारख्या असंख्य मुळ्या. ती दमत नाही, पण दणकाही देत नाही. एकदा मुळ्या धरल्या की धरल्या, पुसून परत पाटी कोरी करता येत नाही.

आणि तांबडीला दोन्ही हवं होतं. उसाचं इथेनॉल गारठ्यात पटकन वाफ होत नाही. म्हणून किल्ली फिरवायच्या आधी हीटरनं हवेची नळी तापवावी लागते. ते दमाचं काम. मग आठ सिलिंडर एका झटक्यात फिरवायचे, ते दणक्याचं.

"मग कशी वाढवायची?" मी विचारलं.

"आधी दणकून भरायची, म्हंजे जाड मुळ्या फुटतील. मग वीज हळूहळू उतरवत न्यायची, म्हंजे त्या जाड मुळ्यांनाच बारीक फाटे येतील. पण दोन दिवस सलग. मधी थांबलं तर जाड मुळ्यांची टोकं साल धरतात. मग बारीक मुळ्या त्यांना जोडून येत न्हाईत, बाजूला येगळ्याच उगवतात."

"तुम्ही केलंय कधी?"

"न्हाई. तुमच्यापास्नं सुरुवात."

पुण्याहून बॅटरी यायला वेळ लागणार होता. आली का बघायला म्हणून मी रोज दुकानात जायला लागलो. फोन करूनही विचारता आलं असतं, पण ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी स्टुलावर बसून दुकानातल्या पाट्या वाचायचो. मला अक्षरओळख साठीनंतर झाली, त्यामुळं दिसेल ते वाचायची हौस अजून फिटलेली नाही. एक पाटी होती, "बॅटरीवर चहा ठेवू नये". ती मी रोज मोठ्यानं वाचायचो, आणि शालनबाई रोज चहाचा कप आणून जुन्या बॅटरीवर ठेवायच्या.

"पाटी वाचता येती न्हवं?" मी म्हणायचो.

"पाटी गिऱ्हाईकांसाठी असती, चौगुले."

मला गाव गुंडूमामा म्हणतं. त्या मात्र चौगुले म्हणायच्या, हवालदारानं हाक मारावी तसं. नवऱ्यामागं त्यांनी दुकान एकटीनं चालवलं होतं. माहेर नेसरीकडचं, बाप लोहार. आंबोली गडहिंग्लजपासून दोन तासांवर, आणि घाट उतरला की वेंगुर्ल्याचा समुद्र. पण त्यांनी तो कधी बघितला नव्हता.

"एस.टी.नं जाऊन यायचं की," मी म्हटलं.

"एस.टी.नं जायचं असतं तर कवाच गेले असते. एकटीनं जाऊन पाण्याकडं काय बघत बसायचं? पाणी घरच्या नळाला बी येतंय."

मी धीर केला. "तांबडी पास झाली तर तसंच घाट उतरून जाऊ. दोघं."

त्या बॅटरीच्या टोकावरचा गंज घासत राहिल्या. घासून घासून ते टोक आरशासारखं झालं. मग म्हणाल्या, "झाली सुरू तर येते. न्हाई झाली तर न्हाई."

त्या दिवसापासून आंबोलीच्या परीक्षेत मला परवान्यापेक्षा मोठं काहीतरी दिसायला लागलं.

बॅटरी आली ती अष्टमीला. वाटेत कुठंतरी अडकून पडली होती, आणि पेटीवर लिहिलेलं होतं की त्या संध्याकाळपर्यंत भरणा सुरू झाला नाही तर आतला लगदा सुकणार. शालनबाईंनी मला घरी पाठवलं. "मी लावते चार्जिंगला. तुम्ही दसऱ्याला या."

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुसून पुजतात. वर्षभर राबलेल्या लोखंडाचा तो विसाव्याचा दिवस. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, यंत्राचं बटण दाबायचं नाही. ट्रकवर असताना मी हे कधी पाळलं नाही. मालकाच्या मालाला नवमी नसते. पण शालनबाई लोहाराच्या लेक. त्यांच्या बापाचा भाता त्या दिवशी थंड असायचा, शेजाऱ्यानं विस्तव मागितला तरी मिळायचा नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. म्हणून मी ठरवलं, यंदा आपणही रीतीनं वागायचं. झेंडूची टोपलीभर फुलं घेतली आणि सकाळीच दुकानात हजर झालो.

दुकान उघडं होतं, बाई नारळ आणायला गेल्या होत्या. पाने, पकडी, मीटर सगळं घोंगडीवर मांडून हळदी-कुंकू लावलेलं. मी माळा ओवायला बसलो. सगळीकडं शांत, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून बारीक गुणगुण ऐकू येत होती.

जाऊन बघितलं, तर कोपऱ्यात लुगड्याच्या घडीखाली चार्जर चालू. माझ्या मनात आलं, बाई विसरल्या. घरात नवमी आणि यंत्र चालू, म्हणजे त्यांच्या जिवाला वर्षभर टोचणी. त्यांना कळायच्या आत उपकार करून टाकावा. मी बटण बंद केलं, चार्जरला कुंकू लावलं, त्याच्यावर झेंडूची चांगली जाडजूड माळ घातली आणि पुढं येऊन साळसूद बसलो. सलग दोन दिवसांचं बोलणं माझ्याशीच झालं होतं, हे त्या घटकेला डोक्यात आलंच नाही. ट्रकवाल्याच्या डोक्यात एका वेळी एकच वळण असतं.

पूजा झाली, पुरणपोळी झाली. जेवणानंतर बाई मागं गेल्या आणि आतून हाक आली.

"चौगुले!"

मी गेलो. त्या माळ हातात घेऊन उभ्या होत्या.

"हे कुणी बंद केलं?"

"मी. तुम्ही विसरलावता न्हवं, आज नवमी..."

त्या मटकन शेजारच्या खोक्यावर बसल्या. "विसरले न्हवते. झाकून ठिवलं हुतं. जन्मात पहिल्यांदा रीत मोडली मी, चौगुले. ती बी तुमच्या तांबडीसाठी."

मी खरं तेच बोललो. "आणि मी जन्मात पहिल्यांदा पाळली. ती बी तुमच्यासाठी."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आधी त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं रडतायत. तर त्या हसत होत्या. अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांनी हातातली झेंडूची माळच तोंडाला लावली. सगळं तोंड पिवळं झालं.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, "परत चालू करा की आता."

"न्हाई. एकदा मोडली, दुसऱ्यांदा मोडणार न्हाई. आता उद्याच."

कारखान्याला फोन केला. तिकडचा मुलगा भला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, अगदी झेंडूसुद्धा. मग म्हणाला, "काकू, त्या मुळ्या आता एकमेकींना जोडून येणार नाहीत. दुसरी पाठवतो, पण दिवाळी उजाडेल. आणि हिची वॉरंटी संपली."

"असू दे," शालनबाई म्हणाल्या, "आम्ही दोघं बी वॉरंटीच्या भाईरच हाय."

दसऱ्याला हत्यारं उचलल्यावर त्यांनी उरलेला भरणा पुरा केला. दोन दिवसांनी तपासायला बसलो. त्यांनी बॅटरीवर इंजिनाएवढा भार टाकला. मीटरचा काटा झपकन वर गेला आणि मी टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरायच्या आत काटा खाली. परत भार टाकला. काहीच नाही. परत. काही नाही.

"मेली," शालनबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. वाईट वाटलं की त्या चहा ठेवतात, बरं वाटलं तरी ठेवतात. आम्ही चहा प्यालो. कप ठेवताना माझ्या कोपराचा धक्का बटणाला लागला आणि काटा पहिल्यासारखाच वर उडाला.

कप खाली पडता पडता वाचला.

दिवसभर आम्ही तोच खेळ केला. एक दणका, मग मढं. चहाएवढा वेळ गेला की परत दणका. संध्याकाळपर्यंत पोटात चहाचा हौद झाला, पण शालनबाईंना उमज पडली. त्यांनी मला विहिरीवरनं समजावलं. जाड मुळ्या म्हणजे विहिरीत साठलेलं पाणी. बारीक मुळ्या म्हणजे झरे. चांगल्या विहिरीत झरे आत उघडतात, उपसा तसं पाणी येत राहतं. आमच्या बॅटरीतले झरे विहिरीशेजारच्या मातीत उघडले होते. पाणी होतं, भरपूर होतं, पण झिरपून यायला वेळ लागत होता.

"हिला विसावा लागतोय," त्या म्हणाल्या. "विसाव्याच्या दिवशीच वाढली न्हवं? तेच वळण लागलं."

"आंबोलीला तीन किल्ल्या आणि पाव तास," मी म्हटलं. "दोन चहा बसतील."

"गारठ्यात झिरपणं सावकाश हुतंय," त्या म्हणाल्या. "तिथं दीडच चहा धरा."

कोजागरीला आंबोलीच्या पठारावर सगळं मंडळ जमलं होतं. सकाळी धुक्यात गाड्यांची ओळ, दंवानं निथळणारी. रात्रीच्या मसाला दुधाची पातेली अजून चुलींवरच. शालनबाई शाल पांघरून, काखेत थर्मास मारून आल्या होत्या. मंडळाचा अध्यक्ष बाळू शिंत्रे, मुलखाचा चावट. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "मामा, यंदा गाडीला मॅकेनिक घेऊन आलाय का मामी?"

"बाळू, तुझी गाडी बघ," मी म्हणालो. कान तापले होते.

"माझी एका किल्लीत हुणार. कोंभच हाय माझी बी, पण दणकून भरलेली!" आणि खरंच त्याची गाडी एका किल्लीत सुरू झाली. काकवीचा वास पठारभर पसरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग तांबडीची पाळी. अधिकारी सावंतवाडीच्या डिसोझा मॅडम होत्या. त्यांनी सीटखाली वाकून बॅटरीचं सील बघितलं, घड्याळ लावलं आणि म्हणाल्या, "चला, करा सुरू."

मी हीटर लावला. नळी तापली. किल्ली फिरवली. तांबडी अंगभर थरथरली, दोन सिलिंडर खोकले, तिसरा शिंकला, आणि गप्प.

"एक," मॅडम म्हणाल्या.

आता थांबायचं होतं. मला ठाऊक होतं. पण हजार डोळे पाठीवर असले की थांबणं किती अवघड असतं! धुकं हलत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, झोप लागली काय?" बाळू खिडकीशी आला. "मार की किल्ली! बघत काय बसलाय? वेळ चाललाय!" आणि माझा हात माझ्याही नकळत फिरला.

टक्. बस, एवढाच आवाज.

"दोन."

गर्दी हळहळली. बाळूचा चेहरा उतरला. चावट असला तरी वाईट पोरगा नव्हता. अजून एकदा, लगेच, जोरात, असं हात सांगत होता. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि शालनबाई आत येऊन बसल्या. त्यांनी किल्ली उपसून घेतली आणि मुठीत धरली.

"आत बसलेलं चालतंय न्हवं?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"माणसं कितीही बसू देत. ढकलायचं नाही."

"ढकलत न्हाई." बाईंनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि मला दिला. "प्या."

"शालनबाई, वेळ..."

"चहा संपल्याबिगर किल्ली न्हाई."

मी एक घोट घेतला. जीभ भाजली. बाहेर लोक काचेला नाक लावून बघत होते. म्हातारा-म्हातारी परीक्षेत चहा पितायत! कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. हळूहळू सगळेच गप्प झाले. चुलीतल्या लाकडाचं तडतडणं ऐकू यायला लागलं. माझ्या बुडाखाली, त्या डब्याएवढ्या पेटीत, वीज थेंबाथेंबानं झिरपत होती.

"न्हाई झाली तर?" मी हळूच विचारलं. झाकणाच्या आडून.

त्या समोर धुक्याकडं बघत होत्या. "न्हाई झाली तर एस.टी.नं जाऊ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा झाकण तोंडापासून खाली घेतलं. "तुम्ही तर म्हणाला हुता..."

"एकटीनं जायचं न्हाई, असं म्हणाले हुते. बोलणं नीट ऐकत जावा. नवमीला बी ऐकलं न्हाई."

खरं सांगतो, त्या घटकेला तांबडी सुरू झाली काय आणि न झाली काय, माझ्या छातीत आठच्या आठ सिलिंडर सुरू झाले होते. आता घाई कसली? उरलेला चहा मी सावकाश प्यालो, तळाची साखर बोटानं चाटली. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि भुवई वर केली.

शालनबाईंनी मूठ उघडली. किल्ली त्यांच्या हातात ऊबदार झाली होती.

नळी परत तापवून मी किल्ली फिरवली.

तांबडी अशी गरजली की चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खाली पडलं. धुकं फाटलं. पठारभर काकवीचा वास. बाळू शिंत्रे उड्या मारत होता, "तीन! तीन! मामा, नाद खुळा!" डिसोझा मॅडमनी शिक्का मारला, कागद खिडकीतून आत दिला आणि विचारलं, "चहा उरलाय का?"

उरला होता. त्यांना दिला.

मग आम्ही घाट उतरलो. शालनबाई पहिल्या वळणाला दार धरून बसल्या, दुसऱ्याला "हळू" म्हणाल्या, तिसऱ्यानंतर म्हणाल्या, "एवढंच पळती व्हय ही?" सावंतवाडी मागं पडली, माडांच्या झावळ्या सुरू झाल्या, हवेत मीठ आलं. वेंगुर्ल्याला वाळूच्या कडेला मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. पुढं एवढं पाणी की नजर टेकायला जागा नाही.

त्यांनी चष्मा पदरानं पुसून परत लावला. मग हात लांबवून त्यांनी किल्ली काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

"विसावू दे तिला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघताच थर्मास पुढं केला. "अहो, चहा ओता."

चौगुले कुठं गेले, हे मी विचारलं नाही. चहा ओतला. थोडा सीटवर सांडला, नेमका बॅटरीच्या डोक्यावर.

"किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"मला काय ठावं," शालनबाई म्हणाल्या. "मी समुद्र पहिल्यांदाच बघतीया."